शिक्षकांची नाराजी आणि मतपेटी : पुणे विभाग शिक्षक मतदारसंघ व सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : शिक्षक मतदारसंघ, विनाअनुदान धोरण, जुनी पेन्शन, पसंतिक्रम मतदान, सोलापूर जिल्हा

प्रस्तावना

३ डिसेंबर २०२० या दिवशी सोलापूर जिल्ह्यातील शिक्षकांशी निगडित अशा दोन घटना घडल्या. माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा पुरस्कार जाहीर झाला आणि त्यातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे त्यांनी घोषित केले. त्याच दिवशी पुण्यात विधान परिषदेच्या पुणे विभाग शिक्षक मतदारसंघाची मतमोजणी सुरू झाली. पहिल्या घटनेची चर्चा देशोदेशी झाली. दुसरीची चर्चा प्रामुख्याने शिक्षक-कक्षांत आणि संघटनांच्या कार्यालयांत झाली. परंतु या दोन घटना शेजारी ठेवल्या असता एक विसंगती दृष्टीस पडते. ज्या प्राथमिक शिक्षकवर्गातून जगातील एक नामांकित शिक्षक पुढे आला, त्या वर्गाला ‘शिक्षक आमदार’ निवडण्याचा अधिकारच नाही.

शासनाच्या शैक्षणिक धोरणांविषयी शिक्षकांमध्ये नाराजी आहे, हे विधान महाराष्ट्रात गेली पंचवीस वर्षे सातत्याने केले जात आहे. प्रत्येक निवडणुकीपूर्वी ‘या वेळी गुरुजी धडा शिकवणार’ अशी भाषा ऐकू येते आणि प्रत्येक निकालानंतर तो धडा नेमका कोणास मिळाला याविषयी मतभेद होतात. नाराजी ही मनःस्थिती आहे. मत ही कृती आहे. या दोहोंमध्ये मतदार यादी, सेवाशर्तींनी पाडलेले गट आणि मतदानाची पद्धती अशा अनेक गाळण्या उभ्या असतात. त्यांतून गाळून काय उरते, याचा शोध सोलापूर जिल्हा ज्या मतदारसंघात मोडतो त्या पुणे विभाग शिक्षक मतदारसंघाच्या आधारे घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

यादीत कोण आहे?

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १७१ अन्वये विधान परिषदेच्या एकूण सदस्यांपैकी शक्य तितके एक द्वादशांश सदस्य शिक्षकांनी निवडावयाचे असतात. महाराष्ट्र विधान परिषदेची सदस्यसंख्या ७८ असून त्यात मुंबई, कोकण, नाशिक, पुणे, औरंगाबाद, अमरावती व नागपूर असे सात शिक्षक मतदारसंघ आहेत. पुणे विभागात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर व कोल्हापूर हे पाच जिल्हे येतात. मतदार होण्यासाठी माध्यमिक शाळेहून खालच्या दर्जाची नसलेल्या शिक्षणसंस्थेत, अर्हता तारखेपूर्वीच्या सहा वर्षांत एकूण किमान तीन वर्षे अध्यापन केलेले असणे आवश्यक असते. ही यादी सर्वसाधारण मतदार यादीप्रमाणे केवळ अद्ययावत केली जात नाही. प्रत्येक निवडणुकीपूर्वी ती नव्याने तयार होते. शिक्षकाने नमुना १९ मध्ये अर्ज करावयाचा आणि त्यास संस्थाप्रमुखाचे प्रमाणपत्र जोडावयाचे, अशी पद्धत आहे.

या तरतुदींचे परिणाम दूरगामी आहेत. पहिला परिणाम म्हणजे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतील शिक्षक या यादीबाहेर राहतात. अकरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात वाडी-वस्तीवरच्या शाळेपर्यंत पोहोचलेला शिक्षक हा प्रामुख्याने प्राथमिक शिक्षकच होय. ऑनलाइन माहिती भरणे, पोषण आहाराच्या नोंदी ठेवणे, सर्वेक्षण करणे या अशैक्षणिक कामांविरुद्धची तक्रार सर्वाधिक त्याचीच आहे. बदल्यांच्या धोरणाचा फेराही त्यालाच पडतो. परंतु या तक्रारींचे रूपांतर शिक्षक मतदारसंघातील मतात होण्याची वाटच संविधानाच्या शब्दयोजनेने बंद केली आहे. संविधाननिर्मितीच्या काळात माध्यमिक शिक्षण घेतलेल्यांचेच प्रमाण अत्यल्प होते व ‘शिक्षित मतदार’ या कल्पनेला तत्कालीन संदर्भ होता, हे मान्य करूनही आज बी.एड., एम.एड. झालेला प्राथमिक शिक्षक या यादीबाहेर का, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

दुसरा परिणाम तितकासा उघड नाही. यादीत येण्यासाठी संस्थाप्रमुखाची स्वाक्षरी लागते. पूर्ण अनुदानित संस्थेतील कायम शिक्षकाच्या दृष्टीने ती एक औपचारिकता असते. विनाअनुदानित तुकडीवर, वैयक्तिक मान्यतेची वाट पाहत काम करणाऱ्या शिक्षकाच्या दृष्टीने मात्र ती संस्थेच्या मर्जीचा भाग ठरू शकते. पुणे विभाग हा मोठ्या शिक्षणसंस्थांचा प्रदेश आहे. १९१९ साली स्थापन झालेली रयत शिक्षण संस्था, १९५४ ची कोल्हापूरची श्री स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था, बार्शी येथे कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी उभी केलेली श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळ ही संस्था आणि तालुक्या-तालुक्यांतील लहान-मोठी मंडळे यांच्यामध्ये हा मतदार विखुरलेला आहे. शिक्षकाचे मत गुप्त असते. त्याची नोंदणी मात्र गुप्त नसते, ही बाब विसरून चालत नाही.

आणखी एक तपशील. या मतदारसंघातून उभा राहणारा उमेदवार स्वतः शिक्षक असलाच पाहिजे असे बंधन नाही. पदवीधर मतदारसंघाच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये, उमेदवार पदवीधर असणे आवश्यक नाही, असा निर्णय दिला होता. शिक्षक मतदारसंघालाही तेच तत्त्व लागू पडते. त्यामुळे हा मतदारसंघ शिक्षकांनी निवडण्याचा आहे, शिक्षकांतून निवडण्याचा नव्हे. राजकीय पक्षांचा या निवडणुकांत वाढत गेलेला रस या फरकातूनही समजून घेता येतो.

नाराजीचे थर

‘शिक्षकांची नाराजी’ हा शब्दप्रयोग एकवचनी आहे. वस्तुस्थिती अनेकवचनी आहे. २००० नंतरच्या धोरणांनी एकाच शिक्षक-कक्षात बसणाऱ्या व्यक्तींना वेगवेगळ्या सेवाशर्तींच्या रांगांत उभे केले.

यांपैकी पहिली रांग शिक्षण सेवकांची. २००० पासून लागू झालेल्या या योजनेत पहिली तीन वर्षे वेतनाऐवजी मानधन देण्याचे ठरले. प्राथमिकला ३,००० रुपये, माध्यमिकला ४,००० रुपये व उच्च माध्यमिकला ५,००० रुपये असे ते मानधन होते. पुढे त्यात वाढ झाली आणि २०२३ पासून ते अनुक्रमे १६,०००, १८,००० व २०,००० रुपये झाले. तीन वर्षांनंतर शिक्षक नियमित वेतनश्रेणीत जातो, त्यामुळे या रांगेतील नाराजी तीव्र असली तरी तात्पुरती असते. शिवाय ज्या तीन वर्षांत ती सर्वाधिक तीव्र असते, त्या काळात तीन वर्षांच्या अध्यापनाची अट पूर्ण न झाल्याने सामान्यतः तो मतदारही नसतो. हा योगायोग असला तरी शासनाच्या सोयीचा आहे.

दुसरी रांग विनाअनुदानित शिक्षकांची, आणि ती सर्वांत वेदनादायक होय. २००१ पासून नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले गेले. खासगी संस्थांनी मागितल्या, शासनाने दिल्या. शिक्षक मात्र उद्या अनुदान मिळेल या आशेवर रुजू झाले. २० जुलै २००९ च्या शासन निर्णयाने ‘कायम’ हा शब्द वगळला. त्यानंतर मूल्यांकनाचे निकष आले, तपासण्या झाल्या, पात्र-अपात्र याद्या निघाल्या आणि २०१६ मध्ये पात्र शाळांना वीस टक्के अनुदान मिळाले. एक शब्द वगळण्यास आठ वर्षे लागली आणि शब्द वगळल्यानंतर पहिला टप्पा पदरात पडण्यास आणखी सात वर्षे. पुढचे टप्पेही असेच रखडत आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य झालेल्या वाढीव टप्प्यासाठी निधीची तरतूद न झाल्याने जुलै २०२५ मध्ये शिक्षकांना मुंबईच्या आझाद मैदानावर पावसात ठाण मांडावे लागले, तेव्हा निधीचा मार्ग मोकळा झाला.

या काळाचा अर्थ एका साध्या हिशेबाने समजतो. २००३ मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी सांगोला वा मंगळवेढा तालुक्यातील अशा एखाद्या शाळेत रुजू झालेला शिक्षक पहिला टप्पा मिळाला तेव्हा अडतीस वर्षांचा होता. तेरा वर्षे त्याने शासनाच्या एका पैशाविना शिकवले. त्याने शिकवलेली पहिली तुकडी तोवर कमावती झाली होती. दुष्काळी पट्ट्यात संस्थेकडेही देण्यास फारसे काही नसते. अशा शिक्षकाने शाळा सुटल्यावर शेतात राबणे, दुकानात हिशेब लिहिणे, खासगी शिकवण्या घेणे हे जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याला नवे नाही. विवाह जुळवताना ‘अनुदान किती टक्के?’ हा प्रश्न वरपक्षाला विचारला जातो, यात सर्व काही आले. तो अठ्ठावन्नाव्या वर्षी, २०३६ मध्ये निवृत्त होईल. त्याची पूर्ण वेतनाची वर्षे किती आणि त्याचे निवृत्तिवेतन कोणते, हे त्याला आजही निश्चित सांगता येणार नाही.

येथे तिसरी रांग सुरू होते. ३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयानुसार १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर सेवेत आलेल्यांना पूर्वीचे निवृत्तिवेतन बंद होऊन अंशदायी योजना लागू झाली. (शिक्षक मतदार यादीची अर्हता तारीखही १ नोव्हेंबर हीच असते. एकाच दिनांकाने शिक्षकाला मताचा हक्क मिळतो आणि पेन्शनचा हक्क जातो, असे विनोदाने म्हणता येईल. विनोद कडवट आहे इतकेच.) या तारखेने सर्वच अनुदानित शिक्षकांचे सरळ दोन भाग पडले. त्यातही, नियुक्ती या तारखेपूर्वीची, परंतु शाळेला शंभर टक्के अनुदान या तारखेनंतर मिळालेले, असा एक मधला वर्ग निर्माण झाला. त्याची नियुक्ती जुनी, मान्यता जुनी, पण शासनाच्या लेखी पेन्शन नवी. या वर्गाने न्यायालयाच्या पायऱ्या वर्षानुवर्षे झिजवल्या आहेत.

वरिष्ठ महाविद्यालयीन शिक्षक हाही याच यादीतील मतदार. त्याची दुखणी निराळी. १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या कालावधीत नियुक्त झालेल्या बिगर नेट-सेट प्राध्यापकांचा प्रश्न आणि वेतन थकबाकी यांवरून २०१३ मध्ये राज्यभर परीक्षा कामावर बहिष्कार टाकला गेला होता. रिक्त पदे आणि तासिका तत्त्वावरील नेमणुका हा त्यानंतरचा कायमचा विषय. माध्यमिक शिक्षकास संचमान्यतेची धास्ती. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने पटसंख्येचे निकष बदलल्याने कमी पटाच्या शाळांतील पदे धोक्यात आली. प्राध्यापकास संचमान्यता ठाऊक नसते आणि शाळेतील शिक्षकास नेट-सेटचा वाद परका वाटतो. मतपत्रिका मात्र दोघांना एकच मिळते.

आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मधील आपल्या ग्रंथात असे मांडले आहे की, एखाद्या संस्थेचा दर्जा घसरला असता तिच्याशी संबंधित व्यक्तीपुढे बाहेर पडणे किंवा आवाज उठवणे असे दोन मार्ग असतात. यांतील निवड निष्ठेवरही अवलंबून असते. महाराष्ट्रातील शिक्षकापुढे बाहेर पडण्याचा मार्ग जवळजवळ नाही, कारण तेरा वर्षे फुकट शिकवल्यावर सोडून जाणे म्हणजे ती तेरा वर्षे बुडवणे होय. म्हणून आवाज उरतो. परंतु आवाज एक होण्यासाठी तक्रार एक असावी लागते, आणि धोरणाने नेमके तेच अवघड करून ठेवले आहे.

पहिली पसंती, दुसरी पसंती

शिक्षक मतदारसंघातील मतदान एकल संक्रमणीय पद्धतीने होते. मतदार उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतिक्रम अंकात लिहितो. विजयासाठी एकूण वैध मतांच्या निम्म्याहून एक अधिक, असा कोटा ठरतो. वैध मते ३०,००० असतील तर कोटा १५,००१ होईल. पहिल्या पसंतीत कोणी कोटा गाठला नाही, तर सर्वांत कमी मते असलेला उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिका पुढील पसंतीनुसार वाटल्या जातात. बाद उमेदवाराच्या मतपत्रिकेवर पुढील पसंती नसेल तर ती मतपत्रिका तेथेच थांबते.

नाराजीच्या दृष्टीने या पद्धतीचे महत्त्व मोठे आहे. साध्या बहुमताच्या पद्धतीत नाराज मतदार ‘मत वाया जाईल’ या भीतीने लहान उमेदवारास टाळतो. येथे तो पहिली पसंती मनातल्या उमेदवारास आणि दुसरी व्यवहार्य उमेदवारास देऊ शकतो; म्हणजेच राग आणि हिशेब दोन्ही एकाच कागदावर नोंदवता येतात. मात्र प्रत्यक्षात अनेक मतदार केवळ ‘१’ लिहून थांबतात; काही बरोबरची खूण करतात, काही अंकाऐवजी स्वाक्षरी करतात आणि मत अवैध ठरते. उत्तरपत्रिकेत सूचना न वाचणाऱ्या विद्यार्थ्यास गुण न देणारा शिक्षक स्वतःच्या मतपत्रिकेवरील सूचना वाचत नाही, हे निरीक्षण मतमोजणी केंद्रांवर नवे नाही.

पुणे विभागात या पद्धतीचे दोन प्रत्यय अलीकडच्या काळात आले. २०१४ मध्ये दत्तात्रय सावंत हे अपक्ष म्हणून निवडून आले. त्यांची ओळख विनाअनुदानित शाळांच्या प्रश्नावर लढणारा कार्यकर्ता अशी होती. ‘कायम’ शब्द जाऊन पाच वर्षे लोटली तरी अनुदानाचा पत्ता नाही, अशा वेळी प्रस्थापित पक्षाचा शिक्का नसलेल्या उमेदवारास मिळालेला हा कौल धोरणावरील रोषाशी सुसंगत होता. त्यानंतर दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, वीस टक्के अनुदान आले. हे केवळ निवडणुकीमुळे घडले असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु त्या काळात विनाअनुदानितांचा प्रश्न विधान परिषदेत सातत्याने मांडला जात होता, एवढे निश्चित.

१ डिसेंबर २०२० रोजी झालेल्या मतदानात चित्र पालटले. महाविकास आघाडीतर्फे काँग्रेसचे जयंत आसगावकर विजयी झाले आणि विद्यमान आमदार सावंत पराभूत झाले. विनाअनुदानितांचे दुःख संपले होते काय? नाही, वीस टक्क्यांवर घोंगडे भिजत पडले होते. मग त्या नाराजीने आपल्याच प्रतिनिधीस का सोडले? याचे एक संभाव्य स्पष्टीकरण असे की, अंशतः अनुदान मिळताच तक्रारीचे स्वरूप बदलते. शून्य टक्के असलेल्यास लढणारा हवा असतो. वीस टक्के मिळालेल्यास उरलेले ऐंशी टक्के देऊ शकणाऱ्या सत्तेच्या जवळचा माणूस हवासा वाटतो. त्या वेळी राज्यात महाविकास आघाडीची सत्ता होती. दुसरे स्पष्टीकरण संघटनात्मक आहे: तीन पक्ष एकत्र आल्याने संस्थांचे जाळेही एकत्र आले. भाजपने जितेंद्र पवार यांना पाठिंबा दिला होता, तथापि मुख्य लढत आसगावकर व सावंत यांच्यातच झाली. तिसरी बाब भूगोलाची. सावंत सोलापूर जिल्ह्याचे, आसगावकर कोल्हापूरचे. पाच जिल्ह्यांच्या या मतदारसंघात धोरणाविषयीची नाराजी आणि ‘आपल्या जिल्ह्याचा माणूस’ ही भावना यांची सरमिसळ होते आणि केवळ निकालाकडे पाहून त्या वेगळ्या काढता येत नाहीत.

एक तारीख, एक मागणी : नागपूर २०२३

नाराजी मतात उतरण्याचे अधिक स्वच्छ उदाहरण पुणे विभागाबाहेर, नागपुरात सापडते. नागपूर विभाग शिक्षक मतदारसंघातून भाजपच्या पाठिंब्यावर नागो गाणार सलग दोनदा निवडून आले होते. जानेवारी २०२३ मधील निवडणुकीत महाविकास आघाडीने पाठिंबा दिलेले सुधाकर अडबाले यांनी त्यांचा पराभव केला. डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री व अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जुनी पेन्शन लागू करता येणार नाही, अशी भूमिका राज्याच्या तिजोरीवरील बोज्याचा दाखला देऊन मांडली होती. प्रचार रंगात आला तसा सत्ताधाऱ्यांचा सूर ‘आम्ही सकारात्मक आहोत’ असा बदलला. परंतु उशीर झाला होता.

हा मुद्दा येथे प्रभावी का ठरला, याचे उत्तर त्याच्या घडणीत आहे. अनुदानाचा प्रश्न शाळेगणिक, तुकडीगणिक बदलतो. पेन्शनचा प्रश्न एका तारखेवर उभा आहे. तारखेनंतरचे सर्व एका बाजूस, मग ते शाळेतील असोत वा महाविद्यालयातील. शिवाय काळ त्या बाजूने चालत राहतो: दरवर्षी जुन्या पेन्शनचे धारक निवृत्त होऊन यादीतून जातात आणि उरलेल्यांमध्ये नव्या योजनेखालच्या शिक्षकांचे प्रमाण वाढते. २०१० मध्ये अल्पसंख्य असलेला हा मतदार २०२३ मध्ये दुर्लक्ष करण्याजोगा राहिला नाही. निकालानंतर दीड महिन्याच्या आत, १४ मार्च २०२३ पासून, शिक्षक व शासकीय कर्मचारी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा देत संपावर गेले. तो संप आठवडाभर चालला. पुढे १ नोव्हेंबर २००५ पूर्वी जाहिरात निघालेल्या पदांवरील कर्मचाऱ्यांना जुन्या योजनेचा पर्याय मिळाला आणि २०२४ मध्ये सुधारित निवृत्तिवेतन योजना जाहीर झाली. मूळ मागणी मान्य झाली नाही, पण ‘शक्य नाही’ ही भूमिका मागे पडली.

तरीही नागपूरचा निकाल सर्वत्र लावता येत नाही. त्याच दिवशी मतदान झालेल्या कोकण शिक्षक मतदारसंघात भाजपचे ज्ञानेश्वर म्हात्रे यांनी शेतकरी कामगार पक्षाचे विद्यमान आमदार बाळाराम पाटील यांना हरवले. पेन्शनची तारीख कोकणातही तीच होती. नाराजी समान असतानाही कौल भिन्न येतो, कारण मत हे धोरणाला जसे दिले जाते तसे माणसाला, संघटनेला व कामाच्या ओळखीलाही दिले जाते.

सार्वत्रिक निवडणुकीत काय होते?

शिक्षक मतदारसंघाबाहेर पडताच शिक्षकांची नाराजी मोठ्या जलाशयात पडलेल्या मिठाच्या खड्यासारखी होते. गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी २०२२ मध्ये शिक्षकांनी मुख्यालयी राहण्याचा व घरभाडे भत्त्याचा प्रश्न सभागृहात उपस्थित केला. राज्यभर शिक्षकांचे मोर्चे निघाले, निषेध झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेच बंब गंगापुरातून पुन्हा निवडून आले; पराभूत झालेले प्रतिस्पर्धी सतीश चव्हाण हे विधान परिषदेत पदवीधरांचे प्रतिनिधित्व करणारे होते, हा त्यातील विशेष. सामान्य मतदार हा पालकही असतो आणि ‘गुरुजी गावात राहत नाहीत’ ही त्याचीही तक्रार असते, हे शिक्षक संघटनांनी लक्षात घेतलेले दिसत नाही. गावाचे मत घडवणारा शिक्षक ही प्रतिमा गुरुजी गावात राहत होते त्या काळातील आहे. तालुक्याहून दुचाकीवर ये-जा करणाऱ्या शिक्षकाकडून ती अपेक्षा ठेवणे व्यर्थ होय.

अन्य राज्यांतही हेच दिसते. हिमाचल प्रदेशात २०२२ मध्ये जुन्या पेन्शनचे आश्वासन देणारा पक्ष सत्तेवर आला. परंतु राजस्थान व छत्तीसगड येथे जुनी पेन्शन लागू करूनही तत्कालीन सत्ताधारी २०२३ मध्ये पराभूत झाले. टपाली मतांवरून कर्मचाऱ्यांचा कल सांगण्याची प्रथा वृत्तपत्रांत रूढ आहे, पण त्या मतांत सैन्यदलातील मतदार, ८५ वर्षांवरील ज्येष्ठ आणि दिव्यांग मतदारही असतात. सोलापूर व माढा लोकसभा मतदारसंघांत २०२४ मध्ये सत्ताबदल झाला. त्यातील शिक्षकांचा वाटा किती, हे कोणत्याही आकडेवारीतून वेगळे काढता येत नाही आणि तसा दावा करणाऱ्यांकडे संशयानेच पाहिले पाहिजे.

यादीबाहेरचा मतदान अधिकारी

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकास अशैक्षणिक कामांतून मुक्त केले, परंतु जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही तीन कामे अपवाद म्हणून ठेवली. त्यामुळे यंत्र ताब्यात घेणारा, शाई लावणारा, रात्री उशिरा पेट्या जमा करणारा आणि वर्षभर मतदार यादीच्या दुरुस्तीसाठी घरोघर फिरणारा कर्मचारी बहुधा प्राथमिक शिक्षकच असतो. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ शिल्लक असलेल्या कार्यरत शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे अनिवार्य ठरवले. पहिली ते आठवीच्या वर्गांना शिकवणाऱ्यांना हा निर्णय लागू आहे. पंधरा-वीस वर्षे सेवा झालेल्या शिक्षकाने पुन्हा परीक्षार्थी होऊन बसावे लागणे, ही अलीकडच्या काळातील सर्वांत व्यापक अस्वस्थता आहे, आणि तिचा मुख्य भार प्राथमिक शिक्षकावर आहे.

२०२५ च्या अखेरीस पुणे विभाग शिक्षक मतदारसंघाची यादी नव्याने तयार करण्याचे काम हाती घेण्यात आले. २०२० मध्ये निवडून आलेल्या सदस्याची सहा वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये पूर्ण होते, म्हणजे पात्रता परीक्षेसाठी दिलेल्या दोन वर्षांच्या मध्यावरच. ज्यांची नोकरी त्या परीक्षेवर टांगलेली आहे, त्या प्राथमिक शिक्षकांना या यादीत स्थान नाही. त्यांचा नियोक्ता जिल्हा परिषद. आणि मार्च २०२२ मध्ये सोलापूर जिल्हा परिषदेची मुदत संपल्यानंतर तेथे कित्येक वर्षे प्रशासकाची राजवट राहिली. त्या काळात बदली, समायोजन वा पदोन्नतीचे गाऱ्हाणे घेऊन शिक्षण समितीच्या लोकनियुक्त सभापतीकडे जावे, तर ती खुर्चीही रिकामी होती.